परवडणाऱ्या स्कॉचची पारख

सराफ्यातील गराडू किंवा भुट्ट्याचा कीस उत्तम आहे की नाही, हे इंदूरकर कधी त्याच्या किमतीवरून ठरवीत नाही. तो एक घास घेतो, क्षणभर थांबतो आणि निकाल देतो. हाच रसिक एखाद्या मेजवानीत टेबलावरील स्कॉचची बाटली पाहतो, तेव्हा मात्र त्याचा निकाल पेला ओठांशी नेण्यापूर्वीच लागलेला असतो. लेबलावर 'बारा वर्षे' असे छापलेले असेल तर 'वा!', आणि वयाचा उल्लेख नसेल तर 'चालेल!' आपण डॉक्टर मंडळीही याला अपवाद नाही. रुग्णाला न तपासता त्याच्या कपड्यांवरून निदान करणाऱ्या विद्यार्थ्याची आपण वॉर्डात चांगलीच कानउघाडणी करू. बाटलीच्या बाबतीत आपण स्वतः नेमके तेच करतो.

ही केवळ गमतीची बाब नाही. नुकताच दवाखाना थाटलेला तरुण डॉक्टर चारचौघांत नाव राहावे म्हणून ऐपतीपलीकडची बाटली आणतो. दुसरीकडे, जिच्याकडे कोणी लक्षच देत नाही अशी साधी बाटली सोडा, बर्फ आणि शेव यांच्या संगतीने नकळत रिकामी होते. खर्च आणि अतिरेक या दोहोंचे मूळ एकच, ते म्हणजे पारखीचा अभाव. म्हणून प्रस्तुत लेखात परवडणाऱ्या मिश्र स्कॉच व्हिस्कीचे परीक्षण कसे करावे, याचा विचार केला आहे. जे मद्य घेत नाहीत त्यांना ते सुरू करण्याचे येथे कोणतेही निमंत्रण नाही.

मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे

'ब्लेंडेड' या शब्दाकडे आपल्याकडे उगाच संशयाने पाहिले जाते. माल्ट व्हिस्कीचा पाया म्हणजे मोड आणलेले सातू, म्हणजेच बार्ली. बालरोगतज्ज्ञाला ही प्रक्रिया परिचयाची वाटते. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व बाळाला आपण सुचवितो, कारण मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टाचे साध्या शर्करेत विघटन करू लागते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात अशा अमायलेजयुक्त पिठाने बाळाची घट्ट पेज पातळ कशी होते, यावर महत्त्वाचे संशोधन झाले. स्कॉटलंडमधील माल्टकारही तेच विकर वापरतो. फक्त त्याची शर्करा पुढे यीस्टच्या स्वाधीन होते. त्यातून निघालेले मद्य तांब्याच्या पात्रांत ऊर्ध्वपातित होते आणि ओक लाकडाच्या पिंपांत मुरते.

१८३० मध्ये एनियस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या स्तंभयंत्राचे पेटंट घेतले आणि गहू किंवा मका यांपासून हलकी, सौम्य 'ग्रेन' व्हिस्की मोठ्या प्रमाणावर करणे शक्य झाले. १८६० च्या कायद्याने कर भरण्यापूर्वीच गोदामात माल्ट व ग्रेन यांचे मिश्रण करण्यास मुभा दिली आणि एडिंबरोच्या अँड्र्यू अशर यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी ही कला वाढविली. पुढे फायलोक्सेरा या किडीने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केल्यामुळे ब्रँडी दुर्मीळ झाली आणि ती रिकामी जागा मिश्र स्कॉचने घेतली. अशा मिश्रणाला व्हिस्की म्हणावे की नाही, हा वाद १९०५ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन भागातून न्यायालयात गेला. शेवटी शाही आयोगाने १९०९ मध्ये मिश्रणाच्या बाजूने कौल दिला.

मिश्रणकाराचे कौशल्य सातत्यात असते. दरवर्षीची पिंपे वेगळी, काही वेळा डिस्टिलऱ्याही वेगळ्या. तरीही बाटली उघडल्यावर गंध तोच यावा लागतो. ज्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या तरी आवाज बदलला नाही, अशा वाद्यवृंदासारखे हे काम आहे. म्हणून मिश्र स्कॉचला सिंगल माल्टच्या फुटपट्टीने मोजणे अन्यायाचे ठरते.

लेबलाचे वाचन

परीक्षणाची पहिली पायरी म्हणजे इतिहास घेणे. स्कॉच व्हिस्कीविषयीच्या २००९ च्या ब्रिटिश नियमांनुसार स्कॉच किमान तीन वर्षे स्कॉटलंडमध्येच, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात मुरलेली असावी लागते. तिची तीव्रता किमान ४० टक्के असावी लागते, आणि पाणी व साधे कॅरॅमल यांखेरीज तिच्यात काहीही मिसळता येत नाही. लेबलावर वय असेल तर ते मिश्रणातील सर्वांत तरुण घटकाचे असते. वय नसेल तर 'किमान तीन वर्षे' एवढाच अर्थ घ्यावा. 'निकृष्ट' असा घेऊ नये.

कॅरॅमलला मुभा असल्याने रंगावरून काहीही ठरवू नये. गडद सोनेरी रंग म्हणजे जुनी व्हिस्की, ही समजूत गालांची लाली पाहून हिमोग्लोबिन सांगण्यासारखी आहे.

भारतातील परवडणाऱ्या स्कॉचचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सिंगल माल्ट स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरावी लागते. मिश्र स्कॉच मात्र मोठ्या टाक्यांतून परदेशी नेऊन तेथे भरता येते. आपल्या दुकानांतील अनेक स्वस्त स्कॉच अशाच 'भारतात भरलेल्या' असतात आणि त्या नियमांनुसार खऱ्या स्कॉचच असतात. त्यांच्यावरील ४२.८ टक्के ही विचित्र संख्या जुन्या ब्रिटिश 'प्रूफ' मापनातून आली आहे. ७५ प्रूफ म्हणजेच ४२.८ टक्के. याउलट आपल्याकडील बहुतेक स्वस्त देशी व्हिस्कीच्या मुळाशी उसाच्या मळीपासूनचे मद्य असते, ज्याला युरोपात व्हिस्की म्हणता येत नाही. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी सही केलेल्या व्यापार करारात स्कॉचवरील आयात शुल्क १५० टक्क्यांवरून प्रथम ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. मात्र राज्याचे कर वेगळेच असल्याने किंमत आणि गुणवत्ता यांचे नाते आपल्याकडे आणखीच विस्कळीत राहते.

नाकाने करावयाची तपासणी

व्यावसायिक मिश्रणकार मुख्यतः नाकाने काम करतो. पिण्याची गरज त्याला फारशी पडत नाही. तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असा लहान पेला घ्यावा. त्यात १५ मिलिलिटर पुरे. पेला काही मिनिटे झाकून ठेवावा. प्रयोगशाळेतील वॉच ग्लास यासाठी उत्तम. नंतर तोंड किंचित उघडे ठेवून हलकेच वास घ्यावा. नाक एकदम खोल खुपसले, तर घ्राणचेतेआधी पाचवी मस्तिष्कचेताच तक्रार करते. झोंबणे म्हणजे गंध नव्हे.

त्यानंतर तितकेच साधे पाणी घालून पुन्हा वास घ्यावा. मिश्रणकार सुमारे २० टक्के तीव्रतेला गंध तपासतात, त्यालाही आधार आहे. स्वीडनमधील लिनेअस विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिरूपाने दाखविले की ग्वायकॉल हा धुरकट गंधाचा रेणू सौम्य केलेल्या मद्यात पृष्ठभागाकडे येतो, तर तीव्र मद्यात तो अल्कोहोलच्या रेणूंनी वेढलेला आत राहतो. हा ग्वायकॉल आपल्याला अनोळखी नाही. खोकल्याच्या औषधातील ग्वायफेनेसिन हे त्याचेच अपत्य.

ग्वायकॉल आणि क्रेसॉल ही फिनॉल कुळातील संयुगे पीटच्या धुरातून माल्टमध्ये येतात. पीट म्हणजे दलदलीत शतकानुशतके अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर. वाळवून तो जाळतात आणि त्याच्या धुरावर माल्ट सुकवितात. धुरकट व्हिस्की हुंगून कोणी 'हिला इस्पितळाचा वास येतो' असे म्हणाले, तर हसू नये. निदान अचूक आहे. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. ते वापरून जोसेफ लिस्टर यांनी १८६५ मध्ये ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत एका ११ वर्षांच्या मुलाच्या मोडलेल्या पायाची जखम पू न होता भरून आणली.

गंधाला नाव देण्यासाठी इंग्रजी पुस्तकांतील अंजीर-टॉफीचा आधार घेण्याची गरज नाही. आपल्या घरांत गंधांची संपत्ती कमी नाही. भाजलेल्या सातूचे पीठ, गुळाची ढेप, कापून ठेवलेले सफरचंद, जास्त पिकलेले केळे, ओले लाकूड, बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी विझल्यावर भिंतींना धरून राहणारा धूर, या शब्दांनी मराठी माणसाला अधिक नेमके सांगता येते. केळ्याचा वास देणारे आयसोअमाइल ॲसिटेट किण्वनातून येते आणि व्हॅनिला ओकच्या लाकडातून. म्हणजे आपली उपमा बरोबर असेल तर तिच्यामागे रसायनही असते.

शेवटी एक घोट जिभेवर फिरवून गिळावा आणि नाकाने श्वास सोडावा. ॲडेनॉइड वाढलेल्या मुलाला जेवण बेचव का लागते, हे जाणणाऱ्याला या श्वासाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. चवीचा मोठा भाग घशामागून नाकातच पोहोचतो.

एक उदाहरण : टीचर्स हायलँड क्रीम

ग्लासगोच्या विल्यम टीचर यांच्या पेढीने हे नाव १८८४ मध्ये नोंदविले. मिश्रणाला लागणारी माल्ट खात्रीने मिळावी म्हणून १८९८ मध्ये ॲबर्डीनशायरात आर्डमोर ही डिस्टिलरी उभारण्यात आली. तेथील माल्टला पीटचा धूर दिलेला असतो. या परिसरातील व्हिस्कीत हे विशेष आहे. ही पार्श्वभूमी ठाऊक असेल, तर पेल्यात काय शोधावयाचे हे कळते.

पाण्याशिवाय प्रथम मद्याचा थोडा कच्चा झोंबरेपणा जाणवतो. तरुण ग्रेन व्हिस्कीची ही खूण आहे. पाणी घालताच तो मागे सरतो आणि भाजलेल्या सातूचा, मधाचा व सफरचंदाचा गंध पुढे येतो. त्यामागे धूर आहे, पण तो विझलेल्या शेगडीचा, पेटलेल्या चुलीचा नव्हे. जिभेवर गोडी आधी येते, मग धान्याचा भरीवपणा आणि शेवटी किंचित कोरडा धूर. चव रेंगाळते, मात्र फार वेळ नाही. बर्फाने हिचा गंध मिटून जातो. सोड्यात मात्र धुराच्या आधारावर ती उभी राहते.

परीक्षकाच्या भाषेत सांगावयाचे तर गंधाला चांगले गुण, चवीला चांगले, शेवटाला मध्यम आणि समतोलाला पैकीच्या पैकी नव्हे, पण भरघोस. एकंदरीत प्रथम श्रेणी. विशेष प्रावीण्य नाही. तिच्या किमतीला याहून अधिक मागणे अवाजवी होईल.

झाकलेल्या लेबलाची कसोटी

हा निकालही कोणी डोळे मिटून मान्य करू नये. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी एकच वाइन लोकांना १० आणि ९० डॉलर अशा दोन किमती सांगून दिली. महाग सांगितलेली अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर मेंदूच्या प्रतिमेत सुखदतेशी संबंधित भागाची क्रियाशीलताही वाढलेली दिसली. म्हणजे किमतीने भुललेला पाहुणा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटते. औषधांच्या चाचण्यांत आपण 'डबल ब्लाइंड'चा आग्रह धरतो तो याचसाठी.

घरी करता येईल अशी त्रिकोणी चाचणी सोपी आहे. तीन सारखे पेले घ्यावेत. दोहोंत एक व्हिस्की आणि एकात दुसरी. कोणी वेगळ्याने ते भरावेत आणि परीक्षकाने वेगळा पेला ओळखावा. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतेच. म्हणून सहा फेऱ्या कराव्यात आणि किमान पाच बरोबर आल्या तरच फरक जाणवतो असे म्हणावे. योगायोगाने असे होण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी आहे. नुसता गंध घेऊनही ही चाचणी करता येते. आपण प्रबंधांत वापरतो ती 'टी-टेस्ट' १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध करणारे विल्यम गॉसेट हे डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यात नोकरीला होते, हे येथे आठवणे उचित होईल. पेला आणि संख्याशास्त्र यांची सोयरीक जुनी आहे.

मात्रा

वैद्यकाने या विषयावर लिहावे आणि मात्रेविषयी मौन पाळावे, हे शोभणारे नाही. ४२.८ टक्के तीव्रतेच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, आणि मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. 'हृदयाला बरे' ही सबब आता सोडून द्यावी. गर्भारपणी एक थेंबही नको, आणि मुलांना 'नुसते बोट बुडवून' चव देण्याची थट्टा तर मुळीच नको. मुले आपल्या उपदेशापेक्षा आपला हात पाहून शिकतात.

येथेच पारख उपयोगी पडते. जो लक्षपूर्वक हुंगतो, त्याला थोडे पुरते. पाहुण्यांपुढे बाटली ठेवताना तिची किंमत सांगू नये. लेबल झाकून एक लहान पेला पुढे करावा आणि 'कसला वास येतो?' एवढेच विचारावे. त्यातून होणारी चर्चा दुसऱ्या पेल्याची आठवण बराच वेळ होऊ देत नाही, आणि साधी बाटली आणणाऱ्या तरुण सहकाऱ्यालाही मान खाली घालावी लागत नाही.