गरम करून जेवजो!

डबा मायक्रोवेव्हमध्ये टाकला, दोन मिनिटं लावली, ‘टिंग’ झालं की आपण जेवायला मोकळे. पण वऱ्हाडच्या उन्हात त्या ‘टिंग’वर किती विसंबायचं?

सकाळी सातला अकोल्यात आईने फोडणी दिलेली वांग्याची भाजी आठच्या एसटीत बसते, दहाच्या सुमारास अमरावतीच्या स्टँडवर उतरते आणि दीड वाजता ऑफिसच्या पॅन्ट्रीत उघडते. सोबत फोनवर एकच ऑर्डर असते, ‘गरम करून जेवजो बरं!’ आपणही आज्ञाधारक. बटण दाबतो, मोबाइल चाळतो, ‘टिंग’ झालं की पहिला घास घेतो. कडेची भाजी जीभ पोळते आणि मधला बटाटा मात्र गारढोण!

रस्ता आता सुसाट आहे. अमरावती-अकोला मार्गावरचा 75 किलोमीटरचा पट्टा जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत डांबरून झाला आणि थेट गिनीज बुकात जाऊन बसला. ऊन मात्र तेच आहे. मे महिन्यात 44-45 अंश ही अकोल्याला काही ब्रेकिंग न्यूज नाही. म्हणूनच आपल्याकडे ‘गरम’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. जिभेला गरम लागणं वेगळं आणि जंतू मरतील इतकं गरम होणं वेगळं.

पापडाला विचारा

मायक्रोवेव्ह अन्नाला आतून बाहेर शिजवतो, हा आपला लाडका गैरसमज. प्रत्यक्षात या लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. तिथल्या पाण्याच्या रेणूंना त्या गरगर हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. त्याच्या आतला भाग तापतो तो बाहेरच्या उष्णतेवर, हळूहळू, अगदी गॅसवर तापतो तसाच. म्हणजे खोल डब्यात दाबून भरलेल्या भाताचा मध्य सगळ्यात शेवटी तापणार.

दुसरी गंमत पापडात दिसते. मायक्रोवेव्हमध्ये उडदाचा पापड भाजला की काही जागी मस्त फुलतो आणि मध्येच कच्चा पिवळट पट्टा राहतो. ओव्हनच्या धातूच्या भिंतींवर आपटून लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी त्यांचा जोर वाढतो, काही जागी जवळपास संपतो. फिरणारी काचेची थाळी त्यासाठीच असते, पण तीही सगळा फरक मिटवू शकत नाही. पापडावर कच्चा पट्टा राहिला तर फार तर चव जाते. तसाच थंड पट्टा चिकनच्या रश्शात राहिला तर पोट बिघडतं.

हे यंत्र मुळात स्वयंपाकघरातून आलेलंच नाही. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत रडारच्या मॅग्नेट्रॉनवर काम करताना पर्सी स्पेन्सरच्या खिशातली गोळी विरघळली, अशी 1945 ची गोष्ट सांगतात. 1947 मध्ये बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच होता. आज तो ओट्यावर मावतो, पण लहरींचा स्वभाव बदललेला नाही.

आळं करा, राजेहो!

उपाय आपल्या ताटातच आहे. वरण वाढण्याआधी आपण भाताला आळं करतो ना? मायक्रोवेव्हसाठी तोच आकार बेस्ट. भात किंवा भाजी पसरट बाऊलमध्ये कडेने लावा आणि मधली जागा मोकळी ठेवा. थर तीन-चार सेंटिमीटरपेक्षा जाड नको. बटाट्याच्या, चिकनच्या जाड फोडी बाहेरच्या बाजूला, बारीक आणि पातळ वस्तू आत.

वर झाकण ठेवा, पण वाफेला फट हवी. कोंडलेली वाफ वरचा कोरडा भागही तापवते. अर्ध्या वेळात थांबवा आणि चमचा तळापर्यंत घालून ढवळा. संपल्यावर दोन मिनिटं तसंच झाकून ठेवा. लहरी बंद झाल्या तरी उष्णता आत सरकत असते, थंड राहिलेले कोपरे या दोन मिनिटांतच तापतात. मागे पाच जण लाइनमध्ये असतील तर बाऊल बाहेर काढून झाकून ठेवा, काम होतं.

स्टीलचा डबा मात्र आत नकोच. लहरी धातूतून आत जात नाहीत, उलट ठिणग्या उडू शकतात. काचेचा किंवा चिनी मातीचा बाऊल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. मेलामाइनच्या प्लेट आणि आइस्क्रीमचे रिकामे डबेही बाद.

कूलर सुरू, पॉवर कमी

काल दोन मिनिटांत उकळलेलं पिठलं आज कोमटच का? भर दुपारी अख्ख्या गल्लीचे कूलर सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की ओव्हनची ताकदही घटते. घड्याळ मात्र दोन मिनिटंच मोजतं! मैत्रिणीचा डबाही सोबत ठेवला तर तीच ताकद दोघींत वाटली जाते आणि वेळ जवळपास दुप्पट लागतो. तेव्हा मिनिटांवर जाऊ नका, अन्नाकडे बघा. रस्सा सगळीकडून उकळायला हवा, भातातून मध्यभागीही वाफ यायला हवी. आकड्यांतच बोलायचं तर 74 अंश. स्वयंपाकाचा टोकदार थर्मामीटर ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो. पीजीमधल्या चौघांनी मिळून एक घेतला तरी पुरे.

गरम केलं, तरीही...

आता खरी टेन्शनची गोष्ट. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू मजेत वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेर जास्तीत जास्त दोन तास ठेवावं, असा साधा नियम आहे. पण हवा 32 अंशांच्या वर असेल तर मुदत फक्त एक तास. आता अकोल्याची सातची फोडणी आणि अमरावतीचं दीडचं जेवण यांचा हिशेब तुम्हीच करा.

यात भात सगळ्यात लबाड. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा उकळूनही जात नाही. दीडला जेवलात तर साडेचारच्या मीटिंगमध्ये मळमळ आणि उलट्या सुरू. बाहेर 45 अंश असताना शरीरातलं पाणी असं जाणं ही चेष्टा नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणं उन्हाळ्यात म्हणूनच नको. फोडणी कितीही खमंग असो, बिघडलेला भात सुधरवायची ताकद तिच्यात नाही आणि मायक्रोवेव्हमध्येही नाही.

मग आईचा डबा बंद करायचा? मुळीच नाही. प्रवासाला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची कोरडी चटणी अशा वस्तू पाठवायला सांगा. भात, वरण, रस्सा इथेच ताजा करा. ओली भाजी हवीच असेल तर ती रात्री फ्रीजमध्ये गार करून, बर्फाच्या पॅकसोबत थर्मल बॅगेत निघू दे आणि पोचल्याबरोबर ऑफिसच्या फ्रीजमध्ये जाऊ दे. घरूनच डबा नेत असाल तर तोही टेबलावर नको, आल्या आल्या फ्रीजमध्ये. ऑफिसला फ्रीज नसेल तर एचआरकडे कॉफी मशीनच्या आधी तो मागा!

रूमवर शिजवताना

बटाट्याला, वांग्याला काट्याने टोचे मारा, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतात. अख्खं अंडं कधीच आत ठेवू नका. फ्रीझरमधलं चिकन आधी पूर्ण सुटू द्या. बर्फ लहरी फारशा शोषत नाही, पाणी भरपूर शोषतं, त्यामुळे एक बाजू शिजते आणि दुसरी दगड राहते. मायक्रोवेव्हमध्ये डीफ्रॉस्ट केलं असेल तर लगेच शिजवा, रात्रीसाठी ठेवू नका. जाड पदार्थाला अर्धी पॉवर आणि दुप्पट वेळ द्या, उष्णतेला आत जायला सवड मिळते.

फ्रीजला चिकटवा!

• पसरट बाऊल, मध्ये आळं, वर झाकण.
• अर्ध्यात ढवळा, शेवटी दोन मिनिटं थांबा.
• मध्य कोमट लागला? परत आत.
• उरलेला भात तासाभरात फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा, एकदाच गरम करा.
• किती वेळ बाहेर होतं ते आठवत नसेल, तर टाकून द्या. वास चांगला आला तरी!