कायदा चुकला की देश मागे राहतो : महार वतनाचा धडा

देशाची प्रगती म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखाने आणि महामार्ग येतात. पण कष्टाचे फळ कोणाच्या पदरात पडणार, हे सरकारचे कायदे ठरवतात आणि त्यावरच देशाची संपत्ती वाढते किंवा खुंटते. हे समजायला दूर जायला नको. आपल्या पूर्वजांनी भोगलेले महार वतन पुरेसे आहे.

ब्रिटिश सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने ही चाकरी कायद्यात बांधली. वतनदाराने रात्रंदिवस सरकारी कामाला हजर राहायचे. तो नसेल तर घरातल्या दुसऱ्याला जुंपले जाई. मोबदला म्हणजे जमिनीचा तुकडा आणि गावाचे बलुते.

याचा परिणाम काय झाला? बाहेर चांगली मजुरी मिळत असली तरी चाकरी सोडून जाणे अवघड. जमीन चाकरीशी बांधलेली आणि वारसांमध्ये तुकडे होत गेलेली. तिच्यात विहीर खोदायला पैसा कोण घालणार? हातात रोकड नाही, म्हणून बाजारात खरेदी नाही. असे असंख्य कष्टकरी अडकून पडले की नुकसान एका जातीपुरते राहत नाही, साऱ्या देशाचे उत्पादन घटते.

बाबासाहेबांनी हे अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिले. लहान शेतजमिनींवरच्या १९१८ च्या निबंधात त्यांनी शेतीवरचा माणसांचा भार कमी करण्यासाठी औद्योगिकीकरणाचा उपाय मांडला. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, पण ते मंजूर झाले नाही. वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर. मधली तीस वर्षे वाया गेली.

त्या कायद्याने कब्जेहक्काची रक्कम भरून जमीन वतनदाराला परत मिळण्याची तरतूद केली आणि विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची केली. ही अट जमीन वाचवण्यासाठी आहे. मात्र नोंदच चुकीची असेल, तर चांगला कायदाही कागदावर राहतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या गावातल्या वतन जमिनींचे सातबारा आणि जुने फेरफार काढून वाचावेत. जमीन कोणाच्या नावावर आहे, भोगवटादार वर्ग कोणता लिहिला आहे, परवानगीविना व्यवहार झाला आहे का, हे तपासावे आणि त्रुटी आढळल्यास तहसील कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. अर्थव्यवस्थेतला आपला वाटा आपल्याला तिथूनच मागायचा आहे.

जय भीम!