ल्युअर घेताना आधी पट्टी बघा

काल जेटीवर एका मुलाने माझी ल्युअरची, म्हणजे नकली आमिषांची, पेटी बघून विचारलं, "काका, जिताड्याला यातला कुठला?"

मी मिनो काढून दिला. प्लास्टिकचा छोटा मासा, हनुवटीखाली पारदर्शक पट्टी. रीळ फिरवली की पट्टीवर पाण्याचा दाब येतो आणि मिनो थरथरत खाली जातो. पट्टी लांब, आडवी असेल तर खोल जातो. आखूड, उभी असेल तर वरच पोहतो.

फिनलंडच्या लॉरी रापाला यांनी १९३६ मध्ये असा मासा बुचातून कोरला. जखमी माशासारखी ती चाल शिकारी माशाला खेचते.

इतर ल्युअरपैकी पॉपर पाण्यावरच खळबळ करतो. जिग जड धातूची, खोल समुद्रासाठी.

खाडीत सुरुवात करणाऱ्याने मिनोच घ्यावा.