कोऱ्या चेकवर सही नको: डिजिटल संग्रहाची राखण



जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे जमवणारे आपल्या उज्जैनच्या मराठी समाजात पुष्कळ आहेत. आता नातवंडे डिजिटल चित्रे, म्हणजे एनएफटी जमवतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आवाजातील ‘मधुशाला’चा असाच लिलाव झाला, तेव्हा हे नाव अनेकांच्या कानावर आले.

गेल्या महिन्यात एका सभासदांच्या नातवाला संदेश आला, ‘तुमच्या चित्राला गिऱ्हाईक मिळाले आहे. पैसे घेण्यासाठी या लिंकवर वॉलेट जोडा.’ त्याने आजोबांना विचारले, आजोबांनी आम्हा निवृत्त बँकवाल्यांना. म्हणून हे चार शब्द.

चित्राची नक्कल कोणीही करू शकतो. मालकीची नोंद मात्र ब्लॉकचेन नावाच्या सार्वजनिक खातेवहीत असते आणि झालेली नोंद खोडता येत नाही. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. इथे बहुधा एकच किल्ली असते. ती १२ किंवा २४ इंग्रजी शब्दांच्या रूपात जपायची असते. हे शब्द ज्याच्या हाती, माल त्याचा. चेक हरवला तर ‘स्टॉप पेमेंट’ देता येते. इथे तशी सोय नाही. बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, तोही इथे नाही.

पण चोरीसाठी शब्द लागतातच असे नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ओपनसी या बाजारपेठेच्या १७ ग्राहकांकडून भामट्यांनी अर्धवट भरलेल्या विक्री-करारावर सही घेतली, उरलेला मजकूर नंतर भरला आणि चित्रे नेली. आमच्या भाषेत ही कोऱ्या चेकवरची सही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय कंपनीची सुमारे २३ कोटी डॉलरची आभासी नाणी गेली. तिथे तर अनेकांच्या सह्या लागत. कंपनीच्या म्हणण्यानुसार पडद्यावर दिसला एक व्यवहार, सही झाली दुसऱ्यावर.

तेव्हा एवढे पाळावे:

१. ते शब्द कागदावर लिहून कुलपात ठेवा. फोटो, ईमेल, व्हॉट्सॲप नको. शब्द विचारणारा ‘ग्राहक सेवा’वाला भामटाच समजा.

२. मौल्यवान वस्तू वेगळ्या हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवा. रोजच्या वापराचे वॉलेट निराळे असू द्या.

३. संदेशातली लिंक उघडू नका. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा. न मागता आलेल्या फुकट चित्राला हात लावू नका.

४. कशावर सही करतो आहोत हे कळले नाही, तर करू नका. पूर्वी दिलेल्या परवानग्या अधूनमधून रद्द करा.

५. चोरी झालीच, तर उरलेला माल ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवा आणि १९३० वर कळवा. ‘पैसे देऊन परत मिळवून देतो’ म्हणणारा बहुधा दुसरा चोर असतो.

६. कागद कुठे आहे, हे घरातील एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा. नाहीतर आपल्या पश्चात संग्रह कायमचा कुलूपबंद होईल.

त्या नातवाने लिंक उघडली नाही. आजोबांना त्यातले ओ की ठो कळत नव्हते, पण ते रागावणार नाहीत याची मुलाला खात्री होती. आपल्या घरातही मुलांना निर्धास्त विचारता येऊ द्या.