स्पॅनियलचं पिल्लू घेताना आधी आई बघा

भिलाईत थंडी सुरू झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर पिल्लांचे फोटो फिरू लागतात आणि मला विचारणा होते, "सर, हे कॉकर स्पॅनियल घेऊ का?" फोटोवरून मी उत्तर देत नाही. मी उलट विचारतो, आई बघितली का?

"बस स्टँडवर आणून देतो" म्हणणारा ब्रीडर नव्हे, दलाल. ज्याच्या घरी पिल्लं झाली त्याच्याकडे आई असतेच. तिच्याजवळ बसा. पिल्लांमुळे ती थोडी सावध असणार, ते साहजिक आहे. पण ती ब्रीडरलाच बिचकत असेल, तर उठा. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागायला संकोच कसला?

आता कागदांबद्दल. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत सांगत नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. कॉकरमध्ये दोन आनुवंशिक आजार महत्त्वाचे. एक मूत्रपिंडाचा, तो साधारण ६ महिने ते २ वर्षांच्या वयात कुत्र्याला संपवतो. दुसरा डोळ्यांच्या पडद्याचा. आधी रातांधळेपणा येतो, मग पूर्ण अंधत्व. दोन्ही आजारांत ८ आठवड्यांचं पिल्लू ठणठणीत दिसतं, म्हणून डोळ्यांनी तपासून उपयोग नाही. आई-बाप दोघंही दोषाचे वाहक असतील तर ते स्वतः निरोगी राहतात, पण त्यांच्या प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता चारात एक. एक जरी पालक पूर्ण निर्दोष असला, तरी पिल्लू त्या आजारातून सुटतं. म्हणून दोन्ही पालकांचा डीएनए अहवाल मागा. रक्ताच्या किंवा गालाच्या आतल्या नमुन्यावर ही तपासणी होते, आयुष्यात एकदाच. अहवाल नसेल आणि ब्रीडर रंगाचं कौतुक करत बसला असेल, तर समजून घ्या. रंगावर जास्त पैसे मोजणं मला तरी पटत नाही.

मग पिल्लू हातात घ्या. कान उलटून वास घ्या. आंबूस वास किंवा काळपट मळ नको. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात लाल गाठ नको, पापणी आत वळलेली नको. अंग बारीक पण पोट टम्म असेल तर बहुधा जंत. मागून टाळी वाजवा; दचकून पुन्हा जवळ येणारं पिल्लू चांगलं.

लसीच्या पुस्तिकेत बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही हवी. पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं दिसायला बहुधा तीन ते सात दिवस जातात. त्यामुळे पहिल्या दिवशी डॉक्टरांनी ठीक म्हटलं, तरी आठवडाभर हगवण, उलटी, सुस्ती यांवर नजर ठेवा. लसी पूर्ण होईपर्यंत सेक्टरच्या मैदानावर नेऊ नका. आपल्याकडे दुर्गजवळ अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे ध्यानात असू द्या.

पिल्लू मे महिन्यात आणू नका. पारा ४५ कडे जातो तेव्हा या केसाळ जातीला प्रवास सोसत नाही; आणायचंच झालं तर पहाटे. पावसाळ्यात लोंबते कान ओले राहून आत बुरशी धरते, तेव्हा आठवड्यातून दोनदा कान उघडून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, पिल्लालाही आणि घरच्यांनाही.