पाहुण्याचा अपराध आणि यजमानाचे उत्तरदायित्व

आपल्या जिल्ह्यात वर्षाचा असा महिना सापडणे कठीण, की ज्यात कोठे ना कोठे मोठा जनसमुदाय जमत नाही. मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर रीघ लागते, शनी अमावास्येला शिंगणापूरची वाट माणसांनी भरून जाते. गणेशोत्सव, उरूस, कुस्त्यांचे फड, लग्नसराईतली मंगल कार्यालये हे तर आहेच. फार काय, व्याख्यानमालेचा मंडपही त्यातलाच. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी यजमान असतो. कोठे विश्वस्त मंडळ, कोठे यात्रा कमिटी, कोठे मंडळाचे चार तरुण, तर कोठे कार्यालयाचा मालक. आता प्रश्न असा, की जमलेल्या हजारोंपैकी एकाने मंडपामागे जाऊन चिलीम ओढली, अथवा खिशातली एखादी गोळी तोंडात टाकली, तर त्या अपराधाबद्दल यजमानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे काय?

पुष्कळांना हा प्रश्न मुंबई-गोव्याच्या नाचगाण्यांपुरता वाटतो. पुण्याजवळ सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे 2007 च्या मार्चमध्ये पोलिसांनी अडीचशेहून अधिक तरुण-तरुणींना एका पार्टीत पकडले, तेव्हापासून 'रेव्ह पार्टी' हा शब्द मराठी घरांत रुळला. परंतु कायद्याच्या भाषेत रेव्ह पार्टी आणि गावजत्रा असा भेद कोठेही नाही. ते कलम एकदा नीट वाचले पाहिजे.

अमली पदार्थांसंबंधीचा केंद्रीय कायदा 1985 चा आहे. त्याचे 25 वे कलम थोडक्यात असे: घर, खोली, आवार, मोकळी जागा, जनावर किंवा वाहन यांचा जो मालक असेल, अथवा ज्याच्या ताब्यात वा वापरात ते असेल, त्याने जाणूनबुजून दुसऱ्याला त्या जागी या कायद्याखालचा गुन्हा करू दिला, तर त्या गुन्ह्याला जी शिक्षा असेल तीच त्यालाही होईल. (जनावरापर्यंत मजल गेली आहे हे पाहून हसू येते, पण घोड्याच्या पाठीवरून अफू नेणारे विसरू नयेत म्हणून मसुदा लिहिणाऱ्याने ही काळजी घेतलेली दिसते.)

'जाणूनबुजून' हा शब्द आहे, मग भय कसले, असे कोणी म्हणेल. भय आहे ते 35 व्या कलमात. आरोपीला ज्ञान होते, हेतू होता, हे न्यायालयाने गृहीत धरावे, आणि तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करावे, असे ते कलम सांगते. तेही साध्या संभाव्यतेने भागत नाही. वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. एरवी फौजदारी न्यायात हा भार सरकार पक्षावर असतो. 'मला ठाऊक नव्हते' ही गोष्ट संशयापलीकडे सिद्ध करावयाची कशी? जे घडलेच नाही त्याला साक्षीदार कोठून आणणार?

सर्वोच्च न्यायालयाने या कडेलोटाला थोडा कठडा घातला आहे. 2008 च्या नूर आगा खटल्यात न्यायालयाने 35 वे कलम घटनाबाह्य ठरवले नाही. तथापि पायाभूत गोष्टी सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्या पाहिजेत, असे बजावले. पुढे 2011 मध्ये भोला सिंग याच्या खटल्यात ट्रकचा सहमालक एवढ्यावरून दोषी धरलेल्या माणसाला न्यायालयाने सोडले. मालकी म्हणजे ज्ञान नव्हे, असा त्याचा आशय. हे निकाल चांगले आहेत. पण ते हाती येतात खटल्याच्या शेवटी, आणि दिल्लीपर्यंत पोचण्याची ज्याची ऐपत असेल त्याच्या हाती.

शिक्षेचे गणितही पाहण्याजोगे आहे. गांजा एक किलोपर्यंत 'अल्प' समजला जातो आणि त्याला कमाल एक वर्षाची सजा आहे. वीस किलोच्या वर गेला की किमान दहा वर्षे, आणि जामीनही दुरापास्त. यजमानाची शिक्षा पाहुण्याच्या गुन्ह्याला बांधलेली असल्यामुळे पाहुण्याच्या पिशवीत किती वजन आहे यावर यजमानाची वर्षे ठरतात. ती पिशवी त्याने उघडून पाहिलेली नसते.

ज्ञानाची अट गाळली तर काय होते, याचा धडा इंग्लंडने पूर्वीच घेतला आहे. ऑक्सफर्डजवळचे एक शेतघर एका शिक्षिकेने भाडेकरूंना दिले होते. ती स्वतः तेथे राहत नव्हती. भाडेकरूंनी गांजा ओढला आणि शिक्षा तिला झाली, कारण 1965 च्या तिथल्या कायद्यात 'जाणूनबुजून' हा शब्दच नव्हता. स्वीट विरुद्ध पार्स्ली या नावाने गाजलेल्या त्या खटल्यात 1969 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिला निर्दोष ठरवले, आणि 1971 च्या नव्या कायद्यात तो शब्द आला. पण शब्द आल्यानेही सारे भागले नाही. केंब्रिजमध्ये बेघरांसाठी चालणाऱ्या विंटरकम्फर्ट या आश्रयकेंद्राच्या संचालिकेला आणि व्यवस्थापकाला 1999 च्या डिसेंबरात अनुक्रमे पाच आणि चार वर्षांची सजा झाली. केंद्राच्या आवारात हेरॉइनची देवघेव होत होती आणि ती थांबवण्यासाठी त्यांनी पुरेसे केले नाही, हा आरोप. त्यांनी स्वतः एक कणही विकला नव्हता. अपिलात दोष कायम राहिला, फक्त सजा कमी झाल्यामुळे त्यांना पुन्हा तुरुंगात जावे लागले नाही. बेघरांत व्यसनी असणार हे ज्याला ठाऊक नाही, त्याने असे केंद्र चालवूच नये. आणि ठाऊक आहे म्हटले की कलम लागू!

या सगळ्या कायद्यांची खरी गोम येथे आहे. अमेरिकेत 2002 साली सिनेटर जोसेफ बायडेन यांनी नृत्यसमारंभांच्या आयोजकांविरुद्ध विधेयक आणले. त्याच्या प्रास्ताविकात बाटलीबंद पाण्याची महाग विक्री आणि थकलेल्यांसाठी थंड खोल्या यांचाही उल्लेख होता. जणू या अमली पदार्थांच्या खुणाच. पुढे हा भाग गाळून 2003 मध्ये कायदा झाला: वीस वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलर किंवा मिळकतीच्या दुप्पट दंड. त्याच वर्षी माँटाना राज्यातील बिलिंग्ज गावी एका सभागृहात गांजाविषयक कायदा बदलू पाहणाऱ्या संघटनेच्या मदतीसाठी गाण्याचा कार्यक्रम होता. सरकारी अधिकाऱ्याने सभागृहाच्या चालकांना त्या कायद्याची प्रत दाखवली, आणि कार्यक्रम रद्द झाला. अटक नाही, खटला नाही. नुसती प्रत पुरली.

आता आपल्याकडच्या एखाद्या कमिटीचा विचार करा. वकील सल्ला देणार: मंडपात नशेबाबत सूचनाफलक लावू नका, डॉक्टरला 'नशेच्या रुग्णांसाठी' म्हणून बसवू नका, कारण उद्या तोच पुरावा होईल की तुम्हाला ठाऊक होते. म्हणजे जो सावध तो अडकणार आणि जो डोळे मिटून बसला तो सुटणार. कोणी मुलगा चक्कर येऊन पडलाच, तर रुग्णवाहिका बोलावताना कार्यकर्त्याचा हात अडखळणार. गर्दीत उन्हाची आणि तहानेची किंमत काय असते हे आपण 16 एप्रिल 2023 ला खारघरला पाहिले. तेथे नशेचा काही संबंध नव्हता. तरी उष्माघाताने 14 माणसे गेली. सावली, पाणी, वैद्य यांची व्यवस्था हेच यजमानाचे खरे कर्तव्य, आणि त्यात कसूर झाली तर त्याला जरूर जाब विचारावा.

मग जो यजमान स्वतःच विक्रेत्याला बोलावून तिकिटांचा खप वाढवतो, त्याला मोकाट सोडावे काय? मुळीच नाही. त्याच्यासाठी याच कायद्यात 29 वे कलम आहे. चिथावणी आणि कट यांना मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. पैसा पुरवणाऱ्याला 27-अ खाली दहा ते वीस वर्षे. तेथे यजमानाचे स्वतःचे कृत्य सिद्ध करावे लागते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

25 वे कलम उद्या रद्द होईल असे मी समजत नाही. परंतु दोन दुरुस्त्या मागता येतील. 35 व्या कलमाचे गृहीतक यजमानाला लागू नसावे. आणि पाणी, वैद्यकीय मदत, सूचनाफलक अथवा पोलिसांना दिलेली खबर ही कोणत्याही खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाऊ नये. या कायद्याला हे अगदी परके नाही. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला 64-अ कलमाने खटल्यापासून संरक्षण दिलेलेच आहे. तेच तत्त्व, त्या माणसाला उचलून दवाखान्यात नेणाऱ्या कार्यकर्त्यापर्यंत न्यावयाचे, इतकेच.