परड्यातला चैत्र
(नोकरी संपवून गावी राहायला आलेल्या सभासदांसाठी)



आपल्या सभासदांमध्ये एक वर्ग असा आहे की, त्यांचा शेअर वडिलांच्या माघारी वारसाने नावावर आला, ऊस भावाने नाहीतर वाटेकऱ्याने पिकवला आणि ते स्वतः मुंबई-पुण्याला नोकरी करीत राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर अशी पुष्कळ मंडळी एकाएकी गावी परतली. निवृत्तीनंतर परतणाऱ्यांची रीघ तर अजून चालूच आहे. प्रस्तुत लेखकही त्यांच्यातलाच. मुंबईत ३१ वर्षे काढून गावी आलो.

उसाच्या लागणीबद्दल, खताबद्दल सांगायला शेतकी गट कार्यालय आहे. पण घराभोवतीच्या आठ-दहा गुंठ्यांत, म्हणजे अंगण, गोठा आणि परडं यांत, पाडव्याच्या आगेमागे काय करायचं हे कुणी सांगत नाही. गावात जन्म काढलेल्याला ते सांगावंच लागत नाही. आणि बाहेरून आलेला विचारत नाही, कारण झाडलोटीत विचारायचं काय, असं त्याला वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

पहिल्या वर्षी फाल्गुनात मी परडं साफ करायला घेतलं. वाळका पाला, उसाचं पाचट, तुऱ्हाट्या, जुन्या कुडाच्या काटक्या असा कमरेएवढा ढीग झाला. चाळीत कचरा पेटीत टाकायचा एवढंच ठाऊक. इथं पेटी नाही, म्हणून दुपारी अकराच्या सुमाराला काडी लावली. अर्ध्या तासात वारं सुटलं. एक जळकं पाचट उडून कडब्याच्या गंजीवर गेलं आणि बघता बघता सगळी गंजी पेटली. शेजारीपाजारी घागरी घेऊन धावले म्हणून गोठा वाचला. कडबा मात्र गेला. कारखान्याचा हंगाम संपत आलेला, टोळ्या परतीच्या वाटेला लागलेल्या; म्हणजे वाढं मिळणंही बंद. दोन म्हशी पावसाळ्यापर्यंत विकतच्या वैरणीवर काढाव्या लागल्या, आणि आषाढ लागण्याआधी त्यातली एक विकावी लागली.

शेजारचे आबा त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "अरं बाबा, परडं झाडायचं असतंय, पेटवायचं नसतंय." या एका वाक्याचा अर्थ कळायला मला दोन वर्षे लागली. तो अर्थ थोडक्यात असा : शहरात घराबाहेर काढलेली वस्तू कचरा होते, गावात ती फक्त जागा बदलते. कुठली वस्तू कुठं न्यायची आणि मृगाच्या आधी किती न्यायची, हेच चैत्रातलं काम.

घाई कशाची?

पुस्तकातला वसंत म्हणजे पालवी आणि कोकिळा. त्या दोन्ही परड्यात असतातच. पण कामाच्या हिशोबाने चैत्र-वैशाख म्हणजे पावसाळ्यापूर्वीची शेवटची कोरडी मुदत. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. पाडव्यापासून धरले तर हातात दोन-अडीच महिने राहतात. त्यातही वैशाखात लग्नसराई असते आणि दुपारचे सहा-सात तास बाहेर काम होत नाही. म्हणून कामाचा क्रम आधी ठरवावा लागतो.

१. आधी अंगाला सराव

खुर्चीवर तीस वर्षे बसलेलं अंग पहिल्याच दिवशी खोऱ्याला जुंपू नये. उन्हात कष्ट करण्याची सवय शरीराला लागायला एक ते दोन आठवडे जातात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि घामावाटे जाणारं मीठ कमी होतं, म्हणजे शरीर आपली व्यवस्था आपणच लावून घेतं. पण त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. पहिल्या दिवशी तासभर, मग रोज थोडं वाढवीत जावं. काम उजाडल्यापासून साडेनऊ-दहापर्यंत आणि पुन्हा पाचनंतर. गडीमाणसं दुपारी लिंबाखाली पडतात, त्याला आळस म्हणणारा माणूस शहरातून आलेला असतो.

पाणी तहान लागण्याआधी प्यावं. फार घाम गेला, गळाल्यासारखं झालं, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट घ्यावं. साखर आपल्याच घरची आहे. मात्र उन्हात माणूस बरळू लागला, तोल जाऊ लागला, अंग तापून कातडी कोरडी पडली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी सावलीत न्यावं, अंगावर ओली फडकी टाकून वारा घालावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी कामाला लागण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

२. काडेपेटी घरात ठेवा

पाचट आणि पाला का जाळू नये, याचा हिशोब सोपा आहे. एका एकरातून साधारण ३ ते ४ टन वाळलेलं पाचट निघतं. ४ टन धरलं आणि त्यात नत्राचं प्रमाण ०.४ टक्के धरलं, तरी १६ किलो नत्र होतं. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणजे हे जवळजवळ ३५ किलो युरियाएवढं झालं. काडी लावली की हे नत्र आणि त्याच्या कितीतरी पट सेंद्रिय कर्ब धुरावाटे जातो. राखेत थोडंफार पालाश उरतं, तेही वाऱ्यावर. युरिया दुकानात मिळेल. कर्ब कुठल्याच दुकानात पोत्याने मिळत नाही.

शेतातल्या पाचटाची जागा खोडव्याच्या सरीत. ऊस १५ फेब्रुवारीपूर्वी तुटला असेल आणि खोडवा ठेवायचा असेल, तर पाचट सरीत दाबून, बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, असं प्रमाण धरतात. परड्यातल्या पाल्याची जागा मात्र खताच्या हौदात. त्याचं पुढे सांगतो.

कडब्याच्या गंजीबद्दलही एक सूचना. शाळू निघाल्यावर कडबा याच दिवसांत परड्यात येतो. गंजी घरापासून, चुलीपासून आणि विजेच्या तारेपासून दूर रचावी. खाली दगड किंवा लाकडं टाकून बूड उचलून घ्यावं, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही टळतात. एकच मोठी गंजी करण्यापेक्षा अंतर सोडून दोन कराव्यात. माझ्या दोन असत्या, तर म्हैस राहिली असती.

३. ढिगाला हौद

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी शोधून काढलेली 'नॅडेप' खताची पद्धत परड्याला फार सोयीची आहे. जमिनीवरच विटांचा हौद बांधायचा : आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. भिंतीत हवेसाठी भोकं ठेवायची. ही भोकंच महत्त्वाची, कारण कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. नुसत्या खड्ड्यात ती मिळत नाही, म्हणून खड्डा वर्षानुवर्षे अर्धा कच्चा राहतो.

भरताना सहा इंच काडीकचरा, त्यावर चार किलो शेण सव्वाशे लिटर पाण्यात कालवून शिंपायचं, त्यावर ५०-६० किलो चाळलेली कोरडी माती. असे अकरा-बारा थर. हौद दोन दिवसांत भरून संपवावा. वर दीड फूट शीग काढून शेणमातीने लिंपून टाकावं. पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भर घालून लिंपावं. चिरा पडल्या की बुजवाव्यात, ओल कमी झाली की पाणी शिंपडावं. एवढ्या सगळ्याला शेण लागतं नव्वद-शंभर किलो, म्हणजे आठ-दहा पाट्याच. सगळं शेण गोवऱ्यांत घालवू नये एवढंच.

साधारण तीन-चार महिन्यांत खत तयार होतं, सुमारे तीन टन. पाडव्याला भरलेला हौद आडसाली लागणीच्या वेळेला फुटतो. एकरी १२ टन शेणखताचा हिशोब धरला, तर एका हौदात दहा गुंठ्यांची सोय झाली. मी पेटवलेला ढीग म्हणजे जवळजवळ पाव एकर लागणीचं खत होतं.

४. हाताआधी काठी

विटांचा ढीग, जळणाची रास, उतरवून ठेवलेली कौलं, पाचटाचा ढिगारा, या सगळ्यांत उन्हाळ्यात गारवा असतो. आणि गारव्याला विंचू-साप येतात. वस्तू उचलण्यापूर्वी काठीने हलवावी, हात घालण्याऐवजी दाताळं वापरावं, पायात बूट असावेत आणि रात्री बॅटरीशिवाय परड्यात जाऊ नये. जळण जमिनीवर न रचता फळीवर रचावं.

साप चावलाच तर चिरा मारणं, चोखणं, दोरीनं करकचून आवळणं, मांत्रिकाकडे नेणं, यातलं काहीही करू नये. माणसाला धीर द्यावा, चावलेला अवयव हलू देऊ नये, अंगठी-बांगडी काढावी आणि सर्पविषावरची लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावं. जवळची लस कुठं मिळते हे आजच विचारून ठेवावं. विंचवाचंही तसंच. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि कोकणातले मृत्यू खाली आले. पण रोगी वेळेवर पोचला तरच औषधाचा उपयोग.

५. पाणी आणि झाडं

नहाणीचं आणि भांड्यांचं पाणी रस्त्यावर सोडू नये. ते केळीला, अळूला वळवावं. उरेल त्याला तीन फूट लांब-रुंद-खोल असा दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा करावा. गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांना हा पहिला उन्हाळा सगळ्यात कठीण जातो. रोपाशेजारी मडकं पुरून, त्याच्या बुडाला बारीक भोक पाडून कापडाची वात घालावी. तीन-चार दिवसांनी मडकं भरलं की झालं. आळ्यावर पाचटाचं तीन-चार इंच आच्छादन द्यावं, पण खोडापासून वीतभर दूर. नाहीतर वाळवी खोडाला लागते.

कलमी आंबा लावायचा असेल तर जूनमध्ये खड्ड्याला धावू नये. मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा आत्ताच काढावा आणि मेपर्यंत उन्हात तापू द्यावा. मग चांगली माती आणि शेणखत घालून पावसापूर्वी भरून ठेवावा.

६. शेवटी डोक्यावर बघा

कौलं शाकारणं वैशाखातच झालं पाहिजे. मृगाच्या तोंडावर शाकारणारा माणूस मिळत नाही आणि आपण स्वतः वर चढण्याचं ते वय नव्हे. वळचणीखालचे चर मोकळे करावेत. जळण आणि उरलेला कडबा आडोशाला घ्यावा. ही कामं झाली की पहिल्या वळवाला माणूस दारात उभं राहून निवांत पाऊस बघू शकतो.

बंधू-भगिनींनो, यात नवीन असं काहीच नाही. गावातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला हे सारं ठाऊक आहे. अडचण एवढीच की, गावी परत आलेल्याला विचारायची लाज वाटते आणि जाणत्याला आपणहून सांगायचा संकोच. 'मुंबईचा साहेब, त्याला काय सांगायचं,' असं आबांनाही वाटलं होतं. ते त्यांनी नंतर बोलून दाखवलं. आदल्या दिवशी बांधावर ते भेटले होते. तेव्हा मी विचारलं असतं, किंवा त्यांनी सांगितलं असतं, तर गंजी उभी राहिली असती. तेव्हा तुमच्या शेजारचं बंद घर यंदा उघडलं असेल, तर पाडव्याची साखरेची गाठी द्यायला म्हणून जा आणि परड्यात एक चक्कर मारून या. ढीग दिसला, तर हौदाचं तेवढं सांगा.

— एक सभासद